अँजोलिनाचं घर

क्रोएशियाचा समुद्र म्हटला की आता उन्हाळा आठवतो, उघड्या पाठी आणि निळ्या पाण्यात शिरणाऱ्या आरोळ्या आठवतात. पण या किनाऱ्यावर पर्यटन आलं ते हिवाळ्यात. अंगभर गरम कपडे लेवून, जपून श्वास घेत.

एड्रियाटिकच्या उत्तर टोकाला, क्वार्नर आखाताच्या काठी, ओपातिया आहे. पाठीशी १४०० मीटर उंचीचा उच्का डोंगर, त्याच्या आडोशाला लॉरेलची दाट राई, आणि राई संपते तिथे थेट पाणी. १८४४ साली जवळच्या रिएका शहरातल्या इजिनियो स्कार्पा या व्यापाऱ्याने इथे एक घर बांधलं आणि त्याला आपल्या दिवंगत पत्नीचं नाव दिलं: व्हिला अँजोलिना. पुढे ज्या किनाऱ्यावर हॉटेलांची रांग उभी राहिली, तिथलं पहिलं पाहुण्यांचं घर एका गेलेल्या माणसाच्या नावाने ओळखलं जावं, याच्याशी माझं मन पुनःपुन्हा घुटमळतं. घर बांधताना त्या माणसाला काय हवं होतं? बहुधा एवढंच, की कुणीतरी यावं, खिडक्या उघडाव्यात, आणि ते नाव रोज कुणाच्या तरी तोंडून ऐकू यावं.

बागेत दूरदेशची झाडं लागली. त्यांत जपानची कॅमेलिया. ऐन थंडीत फुलणारी, मेणात घडवल्यासारख्या पाकळ्यांची, गंधाचा जेमतेम भास असलेली. ती पाकळी-पाकळीने झडत नाही. अख्खं फूल देठापासून सुटतं आणि ओल्या मातीवर तसंच टवटवीत पडून राहतं.

मग रेल्वे आली. १८७३ मध्ये लोहमार्ग रिएकाला पोहोचला, गावाच्या वरच्या अंगाला माटुल्ये स्थानक झालं, आणि व्हिएन्नाच्या बर्फातून निघालेला माणूस गाडीतून उतरून डोंगरउताराने खाली येऊ लागला, सदाहरित पानांत, खारट वाऱ्यात. रेल्वे कंपनीचे संचालक फ्रीडरिख शूलर यांनी हे हेरलं. १८८४ मध्ये क्वार्नर हॉटेल उघडलं. दक्षिणेकडे ह्वार बेटावर तर १८६८ मध्येच पाहुण्यांची सोय पाहणारी एक आरोग्य संस्था स्थापन झाली होती. आरोग्य! समुद्र मौजेचा होण्याआधी औषधाचा होता. आपल्याकडेही डॉक्टर हवापालट सांगायचे. तसेच ते युरोपभर सांगत होते, आणि १८८९ मध्ये ओपातियाला आरोग्यस्थळ म्हणून सरकारी मान्यताच मिळाली. थोर शल्यचिकित्सक थिओडोर बिलरोथ याच गावात १८९४ साली वारले. हवा सगळ्यांनाच पुरी पडत नसे.

तरी आजारी माणसं येत राहिली. गच्चीवरच्या खुर्चीत, गुडघ्यांवर पांघरूण, तोंड दक्षिणेला. पाण्यात उतरायचंच नाही, नुसतं त्याच्याजवळ बसायचं, छातीत ते उजळ, ओलसर दुपारचं ऊन भरून घ्यायचं, आणि रात्री खोकला थोडा थांबला तर त्याला सुख म्हणायचं. पुढे नर्तिका इझाडोरा डंकन आली. पहाटवाऱ्यात थरथरणाऱ्या ताडाच्या पानांवरून आपल्या हातांची, बोटांची ती हलकी थरथर आली, असं तिने आत्मचरित्रात नोंदवलं आहे. किती बारीक पाहिलं असेल तिने! निवांतपणा असा कामाला येतो.

किनाऱ्यावर जन्मलेल्यांना हा निवांतपणा ठाऊक नव्हता. त्यांच्यासाठी समुद्र म्हणजे जाळी, गलबतं, परत न आलेले मुलगे. पाहुण्यांसाठी त्यांनी खोल्या झाडल्या, चादरी वाळवल्या, सामान वाहिलं. या इतिहासात त्यांची नावं फारशी कुठे येत नाहीत आणि ते मला खुपतं. वोलोस्कोपासून लोव्रानपर्यंत खडकांच्या कडेने गेलेली बारा किलोमीटरची पायवाट १९११ मध्ये पूर्ण झाली आणि तिला ऑस्ट्रिया-हंगेरीचा सम्राट फ्रान्झ योझेफ याचं नाव मिळालं. १९१८ मध्ये साम्राज्य संपलं. त्या वाटेचे दगड कुणी घडवून बसवले, ते मला सम्राटाच्या नावापेक्षा जाणून घ्यायला आवडलं असतं.