मधला स्पीकर

घरांत नवें भांडें आणावयाचें असलें तर फारसा वाद होत नाहीं; परंतु करमणुकीचें साधन बदलावयाचें ठरलें कीं त्याच घराला एकदम विधिमंडळाची कळा येते. प्रत्येकाला मत असतें, प्रत्येक मताला आवेश असतो, आणि ज्याच्या सुखासाठीं हा खटाटोप करावयाचा तो मनुष्य बहुधा कोपऱ्यांत गप्प बसलेला असतो.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्याकडे स्पीकर बदलण्याचा प्रश्न निघाला. आमचें घर मुळशी तालुक्यांत, पौड ओलांडून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आंतल्या बाजूला आहे. दिवाणखाना ऐसपैस, खालीं शहाबादी फरशी, वर पत्रा. टेलिव्हिजनच्या अनुरोधानें सहा खोकीं मांडलेलीं: समोर डावीउजवीकडे दोन, त्यांच्या मधोमध एक, पाठीमागें दोन, आणि कोपऱ्यांत खर्जासाठीं एक सबवूफर. बारा वर्षांच्या सेवेनंतर समोरच्या दोघांची फोमची कड मुळशीच्या दमट हवेनें विरून गेली होती, आणि तबला वाजला कीं त्यांतून कागद फडफडल्यासारखा आवाज येई.

चिरंजिवांचें म्हणणें, "बाबा, सबवूफर मोठा आणल्याशिवाय कांहीं मजा नाहीं." सौभाग्यवतींचें म्हणणें, जें काय आणाल तें भिंतीला टांगतां येईल असें आणा, म्हणजे केर काढतां येईल. नाना, म्हणजे माझे ८४ वर्षांचे वडील, कांहींच बोलले नाहींत. दोनतीन वर्षें त्यांचा क्रम असा झाला होता कीं चित्रपट सुरू झाला म्हणजे आमच्याबरोबर बसावयाचें, आणि थोड्या वेळानें मुकाट्यानें उठून पडवींत जावयाचें. त्यांना हल्लीच्या चित्रपटांचा कंटाळा येतो, असें घरांत सर्वांनीं ठरवून टाकलें होतें. मला तें कधींच पटलें नाहीं. लहानपणीं जत्रेंतल्या तंबूंत जमिनीवर बसून एकच चित्रपट तीनतीनदां पाहिलेल्या मनुष्याला चित्रपटाचा कंटाळा येईल कसा?

आणि त्या तंबूंत होतें तरी काय? पडद्यापाशीं एक कर्णा. आपल्याकडे चित्रपट बोलूं लागला तोच मुळीं एका मुखानें: 'आलम आरा' १९३१ सालीं, आणि मराठींत प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ सालीं. त्या काळचे बरेचसे नट रंगभूमीवर वाढलेले. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोंचविणें हा त्यांचा धर्मच होता. ध्वनीनें प्रेक्षकाला चोहोंकडून वेढावें ही हौस मागाहूनची. १९४० सालीं डिस्नेच्या 'फँटेशिया'साठीं असा थाट अमेरिकेंत झाला, पण ती यंत्रसामग्री इतकी महाग कीं मोजक्याच थिएटरांना ती परवडली. आपल्याकडे १९७५ च्या 'शोले'च्या ७० मिलिमीटर प्रतींत ध्वनि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धांवूं लागला. पुढें हें सारें सैन्य दिवाणखान्यांत उतरलें. पण ह्या सैन्यांत बोलण्याचें काम कोणाकडे आहे, हें फार थोडे लोक विचारतात. तें जवळजवळ सगळें मधल्या खोक्याकडे असतें. आणि पुष्कळ घरांत, आमच्याप्रमाणेंच, तें सहांत सर्वांत किरकोळ असून कपाटाच्या खालच्या फळीवर कोंबलेलें असतें!

वार्धक्य कानाला एकदम बहिरा करीत नाहीं. तें वरचे स्वर आधीं चोरून नेतें. अ, आ, ओ हे स्वर खालच्या सप्तकांतले. ते शाबूत राहतात. स, श, फ, त, ख हीं व्यंजनें बारीक आणि तीक्ष्ण. तीं प्रथम जातात. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला आवाज ऐकूं येतो, पण शब्द लागत नाहीं. कोणीतरी बोलत आहे, सर्वजण हंसत आहेत, आणि आपल्याला कशाचा पत्ता नाहीं, ह्यापेक्षां पडवींतला अंधार बरा वाटणें साहजिक नाहीं काय? कानाचें यंत्र नानांना आहे. समोरासमोरच्या गप्पांना तें छान उपयोगी पडतें. परंतु पाठीमागें गोळीबार, कोपऱ्यांत गडगडाट आणि मधें पुटपुटणारा नायक, असा प्रसंग आला म्हणजे तेंही बिचारें हात टेकतें.

त्यांत आमचा पाऊस! जून ते सप्टेंबर पत्र्यावर त्याचा अखंड सूं सूं चालतो, आणि तो नेमका ह्याच बारीक व्यंजनांवर पांघरूण घालतो. ह्या पावसावर डोळा ठेवूनच येथें धरण झालें. १९२१ पासून सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला, तरी गांवें पाण्याखालीं गेलींच. तें पाणी घाटाखालीं भिऱ्याला उतरलें, आणि त्याची वीज मुंबईला गेली. आमच्याकडे मात्र आषाढांत चित्रपट ऐन रंगांत आला कीं दिवे जातात. असो.

पुण्यास तपकीर गल्लींत चौकशी केली, तेव्हां जो तो वॉटांचे आंकडे सांगूं लागला. वॉट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलांनीं चढतो. कानाला तो दुप्पट वाटावयाचा तर दहा डेसिबल, म्हणजे शक्ति दसपट, लागते. उलट एका वॉटला ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजीं ९० देणारा घेतला, तर तेवढ्यानें ॲम्प्लिफायर दुप्पट केल्याचें फळ मिळतें. ही गोष्ट खोक्याच्या मागें बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि बारीक अक्षरें वाचण्याची संवय आपल्या लोकांना विम्याचे पैसे मिळेनासे झाल्याशिवाय लागत नाहीं.

मीं निर्णय असा दिला कीं सगळा पैसा समोरच्या तिघांवर, आणि त्यांतही मोठा वांटा मधल्यावर. तिघे एकाच जातीचे घेतले. नाहींतर पात्र डावीकडून उजवीकडे चालूं लागलें कीं वाटेंत त्याचा गळा बदलतो. पाठीमागचे दोन जुनेच ठेवले. त्यांना बहुतकरून पाऊस, पांखरें आणि वारा एवढेंच काम, आणि त्या तिन्ही वस्तु मुळशींत फुकट मिळतात. मधला स्पीकर कपाटांतून बाहेर काढून किंचित् वर, कानाच्या रोखानें तिरपा बसविला. फरशीवर जाड सतरंजी आली, भिंतीला पडदा आला. शब्दाला शब्दाचाच प्रतिध्वनि येऊन चिकटत होता तो निम्मा तेथेंच जिरला. रिसीव्हरला प्रत्येक खोक्याचें अंतर फीत लावून सांगितलें, आणि मधल्याचा आवाज बाकीच्यांपेक्षां तीन डेसिबल चढविला.

पहिल्या रात्रीं नानांच्या आवडीचा म्हणून 'संत तुकाराम' लावला. प्रभातचा हा चित्रपट १९३६ सालचा, एकमुखी. अशा चित्रपटाचा ध्वनि डाव्याउजव्या दोन्ही वाहिन्यांत अगदीं सारखा असतो, आणि आमचा रिसीव्हर असा समान ध्वनि सर्वच्या सर्व मधल्या स्पीकरकडे पाठवितो. झालें! सहा खोक्यांपैकीं पांच ठार मुकीं! चिरंजीव दचकून तारा तपासावयास धांवले. बाहेर वळवाचा पाऊस लागला होता, समोर विष्णुपंत पागनीस अभंग म्हणत होते, आणि गौरीनें उभ्या केलेल्या आवलीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला कीं नाना आमच्या आधीं हंसत होते. चित्रपट संपेपर्यंत ते खुर्चीवरून हलले नाहींत. मधेंच एकदां मात्र मागें न वळतां म्हणाले, "आवाज जरा कमी कर रे."

सबवूफरचा प्रश्न दिवाळीपर्यंत तहकूब झाला. चिरंजिवांनीं आपली मागणी मात्र मागें घेतलेली नाहीं.