फाशांवर ठरणारा ताप

1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात – कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. वार लागला की हुकला, हे फासे ठरवतात. ही मंडळी भुयारांत उतरतात, गटारांतून चालतात, उंदरांशी आणि सडलेल्या प्रेतांशी झुंजतात. मग ती आजारी कशी पडत नाहीत, हा प्रश्न घर सांभाळणाऱ्या कुणालाही पहिल्याच दिवशी पडेल.

खेळ लिहिणाऱ्यांनाही तो पडला होता. 1979 मध्ये निघालेल्या सूत्रधाराच्या पुस्तकात गायगॅक्सने आजारपणाचे चक्क तक्तेच दिले. दर महिन्याला प्रत्येक पात्रासाठी फासे टाकायचे. गर्दी, घाण किंवा उष्ण-दमट हवा असेल, तर लागणीचा संभव वाढवायचा. आजार डोळ्यांचा, पोटाचा की सांध्यांचा, बेताचा की जिवावर बेतणारा, तेही फाशांनीच ठरवायचे. वाचायला गंमत वाटते. पण खेळायचे कसे? ड्रॅगनशी दोन हात करता येतात, त्याला फसवता येते, निदान पळून जाता येते. सांधेदुखीपासून पळणार कुठे? बाकीचे मोहिमेवर निघतात आणि एक खेळाडू आपल्या पात्राला अंथरुणावर टाकून हात बांधून बसतो.

त्यावर जादूचा तोडगा होताच. पॅलाडिन नावाचा धर्मवीर 1975 च्या पुरवणीपासूनच रोगमुक्त. त्याला रोग होत नसे आणि दुसऱ्याचा रोग तो बरा करू शकत असे. धर्मगुरूजवळ रोग घालवण्याचा मंत्र असे. 2014 च्या आवृत्तीत तर तो मंत्र थोड्याशा अनुभवानंतरच हाती येऊ लागला. सकाळी ताप, दुपारी मंत्र, संध्याकाळी पुन्हा भुयार! असल्या आजाराला आजार तरी का म्हणायचे? पुढे 2024 मध्ये नियमांची फेरमांडणी झाली, तेव्हा साधे रोग जवळजवळ वगळलेच गेले आणि जादूने पसरणाऱ्या साथी तेवढ्या उरल्या.

कसलेला सूत्रधार मात्र याच मंत्रातून खरा पेच उभा करतो. तो वीरांना नव्हे, गावाला आजारी पाडतो. मंत्र दिवसाला दोन आणि झोपड्यांत कण्हणारी माणसे चाळीस. आधी कुणाला वाचवायचे – लोहाराला, तान्ह्या मुलाला, की सगळ्यांचे पाणी भरणाऱ्या म्हातारीला? तिथे तलवारी म्यानात राहतात आणि टेबलावर वाद पेटतो.

पण आजारपणाची खरी जाण 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत दिसते. तिच्यातला घाणीचा ताप पाहा. मोठा उंदीर चावला की वीस पैलूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या काटकपणाचा आकडा मिळवायचा. बेरीज 12 भरली नाही, तर लागण झाली. तरी लगेच काही होत नाही. रोग एक ते तीन दिवस अंगात मुरतो आणि मग चपळता व काटकपणा झिजवू लागतो. त्यानंतर रोज फासा टाकायचा आणि लागोपाठ दोन दिवस जमला तरच सुटका. एक दिवस उतार, दुसऱ्या दिवशी पुन्हा फणफण – तापाचे माणूस सांभाळलेल्यांना हे गणित सांगायला नको.

याच आवृत्तीत शुश्रूषेलाही गुण आहेत. सोबती रोग्याजवळ बसला, तर तोही फासा टाकतो आणि त्याची बेरीज अधिक आली, तर रोग्याच्या जागी तीच धरली जाते. यासाठी वेळ लागतो दहा मिनिटे. (दहा मिनिटे! रात्रभर कपाळावर घड्या ठेवणाऱ्यांनी हसून घ्यावे.) पुढे अशक्तपणा भरून येण्यासाठी विश्रांती हवी. एरवी झिजलेल्या प्रत्येक क्षमतेचा दिवसाला एक गुण परत येतो. कुणी नीट सांभाळणारे असेल, तर दोन. एक माणूस सहा जणांची अशी काळजी घेऊ शकतो. स्वतःची मात्र घेऊ शकत नाही, असे नियमच सांगतो.

हे कौशल्य घेताना बरेच खेळाडू नाक मुरडतात. तलवार चालवणे, कुलपे उघडणे, लपणे यांच्यापुढे पथ्यपाणी कुणाला हवे? मग एका रात्री उंदीर चावतो, धर्मगुरूचे मंत्र संपलेले असतात आणि गाव चार दिवसांच्या वाटेवर असते. रोग्याचा फासा पडतो पाचावर. टेबलावरचे सगळे जण त्या एकाकडे बघू लागतात, ज्याने उगाच म्हणून शुश्रूषा शिकून ठेवलेली असते, आणि फासा त्याच्याकडे सरकवतात.