एका नौकाविहाराची पूर्वतयारी

आनंदाचा दिवस आपोआप उगवत नाहीं; तो कोणी तरी आधीं बसून आंखलेला असतो. सहलीहून परतलेलीं मुलें समुद्राचें वर्णन हौसेनें करतात. परंतु त्या एका दिवसामागें किती हिशेब, किती चौकशी व किती काळजी उभी असते, हें सहसा कोणी लिहीत नाहीं. सन २०२५ च्या नाताळच्या सुट्टींत आमच्या शाळेची नववी-दहावीची सहल मालवणास जावयाची ठरली आणि तेथें एक दिवस नौकाविहार व्हावा अशी मुलांनीं एकमुखानें मागणी केली. त्या दिवसाची आंखणी करण्याचें काम मजकडे आलें. त्या निमित्तानें जे विचार मनांत आले, ते वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमचें अंकुशनगर समुद्रापासून फार दूर. अंबड तालुक्यांतील हें गांव उंसाचें व साखर कारखान्याचें. पाण्याशीं आमची ओळख म्हणजे गोदावरी आणि पैठणचा डावा कालवा. जायकवाडी धरणाचा पाया १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें घातला गेला व १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. या धरणाचें पाणी आमच्याकडे पाळीनें येतें, आणि ती पाळी माणसें ठरवितात. समुद्रालाहि पाळी आहे. मात्र ती चंद्राच्या हातीं असून कोणाच्या अर्जविनंतीनें बदलत नाहीं. मुलांस प्रथम समजावून द्यावयाची गोष्ट हीच होती.

मौज अशी कीं, ही पाळी ओळखण्याचें साधन आमच्या घराघरांतील भिंतीवर टांगलेलें असतें. ज्या दिनदर्शिकेंत आपण चतुर्थी व एकादशी पाहतों, तींतच समुद्रहि दडलेला आहे. कोंकणांतील जुना ठोकताळा असा: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जें उत्तर येईल त्या तासाच्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस व अमावास्येस साधारण साडेअकरा-बारा वाजतां. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पूर्ण होते. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें मागें पडतो, म्हणून भरतीहि तितकीच मागें सरते. पाऊणपटीचें बीज यांतच आहे. मीं हें फळ्यावर मांडलें तेव्हां एरव्हीं अपूर्णांकांस भिणारीं मुलेंहि पटापट उत्तरें देऊं लागलीं. अमावास्या-पौर्णिमेस उधाणाची भरती असते, तर अष्टमीच्या सुमारास चंद्र व सूर्य यांचें आकर्षण परस्परांशीं काटकोनांत असल्यामुळें भरती-ओहोटींतील अंतर कमी राहतें. तिला भांगाची भरती म्हणतात. त्याप्रमाणें आम्हीं सप्तमी-अष्टमीचे दिवस निवडले. दुपारीं जमीन तापली म्हणजे समुद्रावरून खारे वारे जोरानें वाहूं लागतात, म्हणून वेळ सकाळची धरली.

स्थळाविषयीं मतभेद नव्हताच. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं सिंधुदुर्गाचें बांधकाम सुरू केलें व १६६७ सालीं तें पुरें झालें. चोहों बाजूंस खारें पाणी असतां किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. साखर कारखान्याच्या गांवच्या मुलांस साखरबाव पाहण्याची ओढ लागावी, यांत नवल तें काय! पावसाळ्यांत तेथील होड्या बंद असतात. डिसेंबरांत ती अडचण नव्हती.

येथवर आंखणी सुखाची होती. पुढें जुनीं वृत्तें चाळूं लागलों तेव्हां मन जड झालें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, ही कथा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली होती. पण सहलींच्या कथा याहून जवळच्या. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या समुद्रांत पुण्याच्या एका महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले. १३ जानेवारी २०१८ रोजीं डहाणूजवळ विद्यार्थ्यांची नाव उलटून तीन मुली दगावल्या. १८ जानेवारी २०२४ रोजीं वडोदऱ्याच्या हरणी तलावांत बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका बुडाल्या; नावेंत क्षमतेहून अधिक माणसें होतीं आणि बहुतेकांच्या अंगांत जीवरक्षक जाकिटें नव्हतीं. तो तर समुद्रहि नव्हता, शहरांतील तलाव होता. त्या शिक्षिकांनींहि आदल्या दिवशीं मुलांच्या नांवांची यादी केलीच असेल, हा विचार मनांतून जाईना.

अशा मनःस्थितींत असतां एके सायंकाळीं एक पालक भेटावयास आले. कारखान्यावर उंसाच्या गाड्या ओढणारे हे गृहस्थ. त्यांचा थोरला मुलगा कांहीं वर्षांपूर्वीं कालव्यांत बुडून गेला. आतां नववींतील मुलगी तेवढी उरली आहे. अंगणांतच उभे राहून ते म्हणाले, “सर, पोरगी लई हट्ट धरून बसली. तिला पवता येत न्हाई. तुमी म्हनाल तर धाडतो. पर येक सांगा. पैसं भरल्यावर, पार पान्याच्या काठाला गेल्यावर, मागं फिरायची येळ आली तर तुमी फिरताल का?”

मीं “होय” म्हटलें. परंतु ते गेल्यावर कार्यक्रमपत्रिका पुन्हां काढली. तींत जाण्याच्या वेळा होत्या, भाडें होतें, शिदोरी होती. न जाण्याविषयीं मात्र एक अक्षरहि नव्हतें. ज्या आंखणींत मागें फिरण्यास जागा नाहीं, तींत ऐनवेळीं मागें कोण फिरणार? मुलें हिरमुसतात, पैसे बुडतात, सहकारी घड्याळ दाखवितात, आणि मग ‘इतके दूर आलों तर आतां जाऊंच’ असें म्हणून शहाणीं माणसेंहि नावेंत पाय टाकतात.

म्हणून पत्रिका नव्यानें लिहिली. नौकाविहारासाठीं एकाऐवजीं दोन सकाळी राखल्या. होडी न सुटल्यास काय पाहावें, काय खावें, कोठें बसावें हेंहि लिहिलें. आगाऊ भरलेली रक्कम बुडीत खर्चांत आधींच धरली. बेचाळीस मुलांच्या एकवीस जोड्या केल्या व प्रत्येकानें आपल्या जोडीदारास सांभाळावें असें ठरविलें. जाकीट किनाऱ्यावरच चढवावें, त्याचे बंद शिक्षकांनीं स्वतः तपासावे, नाव चालू असतां कोणीं उठूं नये, चित्र काढण्यासाठीं एका बाजूस गर्दी करूं नये, यादीची एक प्रत किनाऱ्यावर ठेवावी. आणि शिक्षकांपैकीं एकानेंहि ‘नको’ म्हटलें तर वाद न करतां परतावें. हा कागद प्रत्येक पालकास वाचून दाखविला. त्या गृहस्थांनीं तो दोनदां वाचवून घेतला व सही केली.

पहिल्या दिवशीं फोंडा घाटांत गाडी रखडली आणि मालवणास पोहोंचेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला. वारा वाढला होता. एक नावाडी नेण्यास तयार होता व इतर प्रवासी बसतहि होते. आमच्यांतील एका बाईंनीं ‘नको’ म्हटलें. आम्हीं मुलांस माघारीं वळविलें. कित्येकांचे डोळे भरून आले. सायंकाळीं किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पाहत असतां एक मुलगा मजजवळ येऊन म्हणाला, “सर, त्या सगळ्या नावा परत आल्या कीं!” खरोखरच त्या सुखरूप आल्या होत्या. मीं त्यास इतकेंच सांगितलें, “आल्या, हें फार चांगलें झालें. पण त्या येतील हें आपणांस दुपारीं ठाऊक नव्हतें.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाणी शांत होतें. बेचाळीसहि मुलें किल्ल्यावर गेलीं, साखरबावेचें पाणी पाहून आलीं, आणि परततांना मोजणी पुनःपुन्हां करूनहि बेचाळीसच भरली. त्या मुलीनें सबंध वाटेंत जोडीदारणीचा हात सोडला नाहीं. मात्र किनारा जवळ आल्यावर पाण्यांत बोटें बुडवून तीं जिभेस लावलीं व खारटपणानें तोंड वेडेंवांकडें करून मोठ्यानें हंसली.

विद्यार्थिमित्रहो, पुढें तुम्हीहि अनेक बेत आंखाल. कोणी सहलीचे, कोणी घराचे, कोणी व्यवसायाचे. प्रत्येक बेतांत मागें फिरण्यासाठीं एक ओळ आधींच लिहून ठेवा. ती ओळ घरीं शांतपणें लिहितां येते. काठावर उभें राहिल्यावर ती सुचत नाहीं.