बाबांची केटी

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. पहिली ते दहावी कॉन्व्हेंट! 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, यात माझा अजून घोळ होतो. पण हा विषय घरचा आहे, आणि घरी आम्ही मराठीतच बोलतो आणि भांडतो. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या.

आमचं घर नाशकात, इंदिरानगरला. बाबा इंटिरियर डिझायनर. दुकानं, दवाखाने, छोटी ऑफिसं अशी कामं ते २२ वर्षं करताहेत. डिप्लोमा केला तेव्हा हातात टी-स्क्वेअर होता. त्यानंतरचं सगळं शिक्षण साइटवर, सुतारांबरोबर.

मागच्या वर्षी त्यांनी आमच्याच भागातल्या एका क्लासचा हॉल केला. रस्त्याचा आवाज आणि धूळ नको म्हणून मालकांनी खिडक्या प्लाय ठोकून बंद करायला लावल्या. आत फॉल्स सीलिंग, नवी पार्टिशन्स, दोन स्प्लिट एसी. फोटो इतके मस्त आले की आईने सगळ्या नातेवाइकांना पाठवले! दीड महिन्याने मालकांचा फोन. मुलांचे डोळे चुरचुरतात, दुपारच्या बॅचला निम्मी पोरं पेंगतात, रिसेप्शनवरच्या ताईंचा खोकला क्लासमध्ये आल्या की सुरू, घरी गेल्या की बंद. "नव्या फर्निचरचा वास आहे, जाईल," बाबा म्हणाले. पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

नंतर कोणाकडून तरी त्यांना कळलं की इंटिरियरवाल्यांसाठी रविवारचं एक ट्रेनिंग आहे. कमर्शियल जागा आरोग्याला चांगल्या आणि पर्यावरणाला कमी जड कशा करायच्या, यावर. शेवटी परीक्षा. इथे एक गोष्ट सांगते. आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनरला तसा कायदा नाही. त्याच १९७२ साली इंटिरियर डिझायनर्सची संस्था, आयआयआयडी, स्थापन झाली, पण तिचं सभासद होणंही ऐच्छिक. म्हणजे बाबा शिकले नसते तरी कोणी विचारणार नव्हतं. ५१ व्या वर्षी, पदरचे पैसे भरून, रविवारची झोप मोडून जायचं! मी असते तर गेले नसते.

नोट्स सगळ्या इंग्रजीत. म्हणून शनिवार-रविवारी घरी गेले की मी दुभाषी. पहिल्याच दिवशी माझी विकेट पडली. 'ऑफ-गॅसिंग'ला मराठीत काय म्हणायचं? मी व्याख्या वाचली : प्लाय आणि एमडीएफ चिकटवायला युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन वापरतात, त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू कित्येक महिने सुटत राहतो, उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त सुटतो, २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कॅन्सरकारक ठरवलं. बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे प्लाय घाम गाळतो." मी मेकॅनिकलची टी.ई., पण इतकं सोपं मला सुचलं नसतं.

दुसरा धडा स्प्लिट एसीचा. आपल्याला वाटतं एसी बाहेरची हवा आणतो. छे! तो खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, आणि बंद खोलीत तो साठत जातो. पेटेनकोफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५८ मध्येच खोलीतल्या हवेसाठी १००० पीपीएमची मर्यादा सुचवली होती. बाहेर साधारण ४२० असतो. २०१५ साली हार्वर्डच्या गटाने २४ लोकांवर प्रयोग केला, तेव्हा १४०० पीपीएमच्या आसपास निर्णय घेण्याच्या चाचणीतले गुण निम्म्यावर आले होते. २४ जण म्हणजे फार नव्हेत. पण दुपारच्या बॅचची पेंग आठवून बाबा कागदाकडे बघतच राहिले.

आईने मनी प्लँटचा उपाय सुचवला. नासाच्या १९८९ च्या अभ्यासामुळे तो उपाय जगभर पसरला, पण तो अभ्यास छोट्या बंद पेटीतला. २०१९ साली दोन संशोधकांनी हिशेब मांडला : इमारतीत हवा शुद्ध करायला चौरस मीटरमागे १० ते १००० झाडं लागतील. "मग पोरं बसतील कुठे?" बाबा म्हणाले. झाडं ठेवा, डोळ्यांना बरं वाटतं. पण खिडकीचं काम खिडकीनेच करायचं.

खिडकीवरून ते जुन्या नाशकातल्या त्यांच्या वाड्यावर गेले. मधला चौक, वर झरोके, तापलेली हवा वर निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. मी म्हटलं, "बाबा, याला स्टॅक इफेक्ट म्हणतात." ते म्हणाले, "आम्ही याला घर म्हणायचो."

मग त्यांनी क्लासच्या मालकांकडे जाऊन चूक कबूल केली. स्वतःच्या खर्चाने दोन खिडक्या मोकळ्या केल्या, एक्झॉस्ट बसवला, पार्टिशनच्या उघड्या कडा सील केल्या. छोटा मीटरही विकत घेतला. दुपारच्या बॅचला आधी २६०० दाखवत होता, नंतर ११०० च्या आसपास आला. रस्त्याचा आवाज आता थोडा येतो. ताईंचा खोकला कमी आहे. तो हवेने की औषधाने, हे बाबा छातीठोक सांगत नाहीत.

परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. बाबा नापास!

मला वाटलं, आता विषयच काढायचा नाही. पण रात्री जेवताना त्यांनीच सांगितलं, आमटी वाढून घेता घेता, जसं काही भाजीचे भाव सांगताहेत : "चार मार्कांनी गेली. इंग्रजी प्रश्न वाचण्यातच वेळ गेला. डिसेंबरला परत बसतो." आई म्हणाली, "बसा." संपलं.

माझ्या घशात घास अडकला. कारण माझी एम-थ्रीची केटी मी दोन महिने घरी लपवली होती. "रिझल्ट लागायचाय" असं चक्क खोटं बोलत होते. २२ वर्षं नाव कमावलेला माणूस ताटावर बसून नापास झालो म्हणतो, आणि मी विसाव्या वर्षी एका विषयासाठी थापा मारतेय! सांगून टाकलं. बाबा रागावले, पण केटीवर नाही. "दोन महिने एकटीच घेऊन फिरलीस? खिडकी बंद करून बसली होतीस म्हणजे," एवढंच म्हणाले.

येताना मीटर हॉस्टेलला घेऊन आले. आमच्या रूममध्ये आम्ही चौघी, डासांमुळे खिडकी घट्ट बंद. रात्री ७००, सकाळी २३००! सकाळच्या लेक्चरला झोप का येते, याचं निम्मं उत्तर मिळालं. (उरलेलं निम्मं सरांना माहीत आहे.) एवढ्याने कोणी मरत नाही, पण हवा शिळी झाल्याची ती खूण. आता आम्ही खिडकीला जाळी लावून ती उघडी ठेवतो. मीटर कोणाला हवा असेल तर रूमवर या. रेक्टर मॅडम, तुम्हीसुद्धा!

डिसेंबरमध्ये बाबांचा पेपर आहे, माझाही. ते मला रोज फोनवर विचारतात, "फूरियर झालं का?" मी विचारते, "व्हेंटिलेशनचा चॅप्टर वाचला का?" अजून तरी दोघांचंही उत्तर एकच आहे : "वाचतोय गं", "वाचतेय हो".