एपर्नेची तळघरे

पॅरिसहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी मार्न नदीच्या खोऱ्यात शिरली, की उतारांवर द्राक्षांचे मळे दिसू लागतात. सुमारे एकशे चाळीस किलोमीटरवर एपर्ने लागते. तेथील मुख्य रस्त्याचे नावच ‘आव्हन्यू द शांपेन’. दुतर्फा व्यापाऱ्यांच्या हवेल्या आहेत. परंतु या रस्त्याचे खरे वैभव पायांखाली आहे. खडूच्या मऊ दगडात मैलोगणती तळघरे खोदलेली असून त्यांत असंख्य बाटल्या अंधारात पडून असतात. २०१५ साली युनेस्कोने या रस्त्यास जागतिक वारशात स्थान दिले.

मद्याचा विषय कौटुंबिक मासिकात कशाला, असे एखादा वाचक विचारील. आम्हांलाही पेल्यापेक्षा त्यामागील घराण्याचेच कुतूहल अधिक आहे. पोल रोजे यांनी १८४९ साली शेजारच्या आय गावी सुरू केलेली पेढी लवकरच एपर्नेस आली आणि आजही ती त्यांच्याच वंशजांच्या हाती आहे.

शांपेन दोनदा आंबते. पहिल्यांदा आंबलेले मद्य किंचित साखर व यीस्ट घालून बाटलीत बंद करतात. तेथे निर्माण होणाऱ्या वायूस बाहेर पडण्यास वाट नसते. तो मद्यातच विरघळतो आणि बाटलीतील दाब हवेच्या दाबाच्या सुमारे सहापट होतो. रोजे यांचे सर्वांत खोल तळघर रस्त्याखाली ३३ मीटरवर आहे. तेथील तापमान ९ अंशांच्या आसपास असते. एवढ्या गारव्यात आंबण्याची क्रिया फार संथ चालते आणि त्या संथपणामुळेच बुडबुडे बारीक येतात, अशी या घराची श्रद्धा. बाटलीत निदान १५ महिने ठेवावे, असा कायदा आहे. ही मंडळी त्याहून पुष्कळ अधिक थांबतात.

मग उरतो तो गाळ. बाटल्या लाकडी फळ्यांच्या भोकांत आडव्या खोवतात. कारागीर प्रत्येक बाटली रोज थोडी फिरवतो, थोडी उभी करतो. काही आठवड्यांनी ती पुरती उलटी होते आणि गाळ बुचापाशी जमतो. मग तेवढा भाग गोठवून काढून टाकतात. हेच काम यंत्र आठवडाभरात करते आणि बहुतेक पेढ्यांनी यंत्रे घेतली आहेत. यंत्राने मद्य बिघडते असे जाणकारही म्हणत नाहीत. तरी रोजे यांच्याकडे अजून माणसेच बाटल्या फिरवतात. बाहेरच्या भागधारकांना दरवर्षी हिशेब द्यावयाचा असता, तर हा हट्ट टिकला असता का, याची शंकाच वाटते.

या तळघरांनी घराण्यास एकदा जवळजवळ बुडवलेही होते. संस्थापक १८९९ च्या अखेरीस वारले. मोरिस व जॉर्ज या पुत्रांनी कारभार हाती घेऊन जेमतेम दोन महिने झाले असतील, तोच २३ फेब्रुवारी १९०० च्या रात्री ओलाव्याने भिजलेला खडू खचला. तळघरे कोसळली, वरच्या इमारतीही गेल्या. ५०० पिंपे आणि १५ लक्ष बाटल्या गाडल्या गेल्या. बोगदा खणून माल काढण्याचा बेत केला होता. पण लवकरच शेजारीही तशीच पडझड झाली आणि तो नाद सोडावा लागला. भावांनी पुन्हा पहिल्यापासून मांडणी केली. हेच मोरिस पुढे एपर्नेचे नगराध्यक्ष झाले आणि सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन सैन्य गावात शिरले, तेव्हा गाव न सोडता तेथेच राहिले.

जानेवारी २०१८ मध्ये त्याच जागी नव्या बांधकामासाठी खोदकाम चालू असता एक पोकळी लागली. फुटक्या काचांच्या ढिगात काही बाटल्या शाबूत होत्या. ११८ वर्षांनंतरही त्यांची बुचे घट्ट होती आणि आतील मद्य नितळ होते.