फोन उलटा करून बघा!

मुंबईत ग्रँट रोड आणि सँडहर्स्ट रोड या दोन स्टेशनांच्या मधल्या भागात मटण स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. नावावर जाऊ नका बरं! तिथं नजरेत भरतात ती जुनी घड्याळं, ग्रामोफोनचे कर्णे, जहाजांवरचे कंदील, सिनेमाची पोस्टरं आणि काचेची झुंबरं. हाच तो प्रसिद्ध चोरबाजार. इथल्या गलक्यामुळे याला आधी 'शोर बाजार' म्हणत आणि पुढे शोरचा चोर झाला, अशीही एक गोष्ट लोक सांगतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आमच्या शाळेतले एक सर या गल्लीत जाऊन आलो. पहाटे नाशिकहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि सँडहर्स्ट रोडला उतरून विचारत विचारत चालत गेलो. पिशवीत होती एक वही, एक भिंग, एक छोटा टॉर्च आणि एक लोहचुंबक. खरेदीला नव्हे, आम्ही अभ्यासाला निघालो होतो!

त्याचं असं झालं. आमच्या केंद्रातल्या शाळांनी मिळून एक 'फिरती पेटी' करायची ठरवली. मोठी पत्र्याची ट्रंक; ती आठवडाभर एका शाळेत राहणार, मग पुढच्या शाळेत जाणार. फिरत्या प्रदर्शनाची कल्पना तशी जुनीच. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालयाने १९६५ मध्येच विज्ञानाचं प्रदर्शन बसमधून शाळांपर्यंत नेलं होतं. आमच्याकडे बस नाही, ट्रंक आहे, एवढाच फरक!

पेटीचा विषय होता 'निरोप'. पोस्टकार्डं मिळाली, तारेचे फॉर्म मिळाले (आपल्याकडची तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली), आणि गावकऱ्यांनी तीन जुने फोनही आणून दिले. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावायची होती : वस्तू कोणती, कुठे बनली, कधी बनली. इथंच घोडं अडलं. देणारे म्हणत, "बाई, इंग्रजांच्या काळातला आहे. बिनधास्त लिहा!" पण ती चिठ्ठी मुलं वहीत उतरवून घेणार. बाईंनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं धरून चालणार. मग अंदाजाने साल ठोकून कसं चालेल?

म्हणून तर चोरबाजार गाठला. एका दुकानात फळीवर ओळीने पंधरा-वीस फोन मांडलेले. दुकानाचे मालक पांढऱ्या दाढीचे, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. आम्ही शिक्षक आहोत आणि फोनचं वय ओळखायला शिकायचंय, हे सांगितल्यावर त्यांनी आधी चहा मागवला. मग एक काळा फोन उचलला, तो सरळ उलटा केला आणि हसून म्हणाले, "टीचरबाई, चेहरा मत देखो. पेट देखो!"

तर मुलांनो, त्या दुपारी वहीत लिहून घेतलेल्या खुणा तुम्हालाही सांगते.

पहिली खूण : अंग कशाचं आहे?

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं ७ मार्च १८७६ रोजी. आपल्याकडे कोलकाता, मुंबई आणि मद्रास इथं १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. त्या सुरुवातीच्या काळातले फोन लाकडाचे आणि धातूचे असत. भिंतीवर लावायची लाकडी पेटी, नाहीतर मेणबत्तीच्या उभ्या दांडीसारखा दिसणारा फोन. त्यात बोलायचा भाग वर आणि ऐकायचा भाग बाजूच्या हुकाला टांगलेला.

१९०७ मध्ये लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट शोधून काढलं. साच्यात घालून तापवलं, दाबलं, की हे घट्ट होतं आणि नंतर पुन्हा वितळत नाही. १९३० नंतर बेकेलाइटचे काळे, जड फोन जगभर पसरले. त्यानंतर आलं हलकं, रंगीत प्लॅस्टिक. बेकेलाइट अंगठ्याने जोरात चोळलं, की औषधासारखा उग्र वास येतो. चाचांनी चोळून दाखवलं, आम्ही हुंगून पाहिलं. खरंच आला!

दुसरी खूण : डायल आहे का?

सुरुवातीला फोनला डायल नव्हतीच. बाजूचा दांडा गरगर फिरवायचा. दांडा फिरला, की आतलं छोटं जनित्र वीज तयार करी आणि एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला इशारा जाई. मग आपण नंबर सांगायचा आणि त्याने हाताने तार जोडून द्यायची.

हा मधला माणूस नको, असं वाटलं अमेरिकेतल्या अल्मन स्ट्रॉजर यांना. त्यांचा धंदा अंत्यविधीचं सामान पुरवण्याचा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता म्हणे! त्यांनी स्वयंचलित जोडणीचं यंत्र बनवलं. १८९१ मध्ये पेटंट मिळालं, १८९२ मध्ये तसं पहिलं एक्स्चेंज सुरूही झालं. भारतात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला १९१३-१४ मध्ये आलं.

डायलची गंमत माहीत आहे? ५ फिरवला, की परत येताना डायल लाइनचा प्रवाह पाच वेळा तोडते. टक-टक-टक-टक-टक! एक्स्चेंज ते ठोके मोजतं. आणि शून्याला? शून्य नव्हे, तब्बल दहा ठोके!

पण इथं सांभाळा. डायल नाही म्हणजे फोन शंभर वर्षांचा, असं मुळीच नाही. जिथं स्वयंचलित एक्स्चेंज पोचलं नव्हतं, तिथं दांड्याचे फोन स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं चालू होते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसरी खूण : डायलवर अक्षरं आहेत का?

काही डायलींवर आकड्यांबरोबर इंग्रजी अक्षरंही असतात. लंडनमध्ये पूर्वी एक्स्चेंजच्या नावाची पहिली तीन अक्षरं फिरवून मग आकडे फिरवत. स्कॉटलंड यार्डच्या पोलिसांचा नंबर होता 'व्हाइटहॉल १२१२'! अशा डायलवर 'ओ' हे अक्षर शोधा. ते शून्यापाशी असेल, तर डायल ब्रिटिश पद्धतीची. सहाच्या आकड्यापाशी 'एम' आणि 'एन'च्या शेजारी असेल, तर अमेरिकन.

आणि बटणं असतील तर? अमेरिकेत बटणांचा फोन ग्राहकांना मिळू लागला १९६३ मध्ये. चांदणी आणि आडव्या-उभ्या रेघांची जाळी, ही दोन बटणं आली १९६८ मध्ये.

चौथी खूण : स्क्रू कसले आहेत?

चाचांच्या दुकानात एक पिवळाधमक पितळी फोन होता, मेणबत्तीच्या आकाराचा. सरांचे डोळे चमकले. त्यांनी लोहचुंबक लावून पाहिला. चिकटला नाही, म्हणजे लोखंडावर मुलामा दिलेला नाही. "किती जुना असेल?" सरांनी विचारलं. चाचांनी उत्तर न देता फोन उलटा करून त्यांच्या हातात दिला.

तळाला चार स्क्रू होते, चारही फुलीच्या खाचेचे. मिस्त्री त्यांना स्टार स्क्रू म्हणतात. या स्क्रूंचा वापर सुरू झाला १९३० नंतर. मग १९०० सालच्या फोनला ते कुठून आले? टॉर्च मारून पाहिलं, तर डायलच्या भोकांत चक्क बटणं लपलेली आणि आत नव्या कोऱ्या प्लॅस्टिकच्या तारा! "शोपीस है, मुरादाबाद का. शोपीस बोलके ही बेचता हूँ," चाचा म्हणाले. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद पितळकामासाठी नावाजलेलं आहे. शोभेची वस्तू म्हणून फोन छानच होता. फक्त त्याच्यावर '१९००' लिहिलं असतं, तर ती थाप झाली असती.

अर्थात एकच स्क्रू नवा दिसला, तर घाई करू नका. दुरुस्तीत स्क्रू बदलतात, वायर तर हमखास बदलते. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. दोन-तीन खुणांनी एकच गोष्ट सांगितली, तरच मान डोलवायची.

पाचवी खूण : पोटावर काय लिहिलंय?

ही सगळ्यांत भरवशाची. ब्रिटिश टपालखात्याच्या फोनच्या तळाशी नमुन्याचा क्रमांक आणि बरेचदा सालही छापलेलं असतं. आपल्याकडच्या फोनवर 'आय.टी.आय.' दिसलं, तर तो बेंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा. हा कारखाना १९४८ मध्ये स्थापन झाला. म्हणजे फोन त्याआधीचा असूच शकत नाही. 'पी अँड टी' असेल, तर तो टपाल आणि तार हे एकच खातं होतं तेव्हाचा. १९८५ मध्ये दूरसंचार खातं वेगळं निघालं. 'एम.टी.एन.एल.' असेल, तर १९८६ किंवा नंतरचा. बघा, तीन-चार अक्षरांत केवढा इतिहास!

वही भरली. चाचांचे आभार मानून आम्ही रात्रीच्या गाडीने परतलो आणि सुट्टी संपताच आमचे तीन फोन उलटे केले. दोन तर सरळच निघाले. एका बटणांच्या फोनवर 'एम.टी.एन.एल.' होतं, दुसऱ्या डायलच्या फोनवर 'आय.टी.आय.'. तिसरा मात्र सगळ्यांचा लाडका. चौथीतल्या एका मुलीने आणलेला, काळा, जड, डायल नसलेला, बाजूला दांडा असलेला. तिच्या घरी सगळे सांगत, हा पणजोबांच्या वेळचा, इंग्रजांचा फोन. वर्गात तिचा रुबाब काय विचारता!

फोन उलटा केला. भिंगाखाली अक्षरं उमटली : 'आय.टी.आय.'. शेजारी 'पी अँड टी'. म्हणजे १९४८ ते १९८५ यांच्या मधला! मुलीचं तोंड एवढंसं झालं. "मग आमचा फोन पेटीत नाही ठेवायचा, बाई?"

मी म्हटलं, "अगं, फोनने त्याचं सांगितलं. आता तुझ्या आजीला विचार, तिला काय आठवतं."

दुसऱ्या दिवशी ती पळतच आली. आजीला साल आठवत नव्हतं, पण दुष्काळ आठवत होता! १९७२ चा तो मोठा दुष्काळ. त्याच्या पुढच्या वर्षी आजोबांच्या किराणा दुकानात हा फोन लागला. आसपास दुसरा फोन नव्हता. कुणाचा मुलगा मुंबईला गिरणीत, कुणाचा फौजेत. त्यांचे फोन दुकानात यायचे आणि आजोबा सायकलवरून निरोप पोचवायचे. पुढे नवीन फोन आले, खात्याने जुने सेट लिलावात काढले, तेव्हा आजोबांनी नेमका आपलाच फोन शोधून विकत घेतला.

मग तिनेच चिठ्ठी लिहिली : 'दांड्याचा टेलिफोन. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, बेंगळुरू. १९४८ ते १९८५ या काळातला. आजीच्या आठवणीप्रमाणे १९७३ पासून दुकानात. माझे आजोबा यावर सगळ्या गावाचे निरोप घेत.' आता पेटी ज्या शाळेत जाते, तिथली मुलं याच फोनचा दांडा सगळ्यांत आधी फिरवतात.

तुमच्या घरी, मामाकडे किंवा आजोळच्या माळ्यावर असा एखादा फोन असेलच. मोठ्या माणसांना विचारून तो खाली काढा. लाइनला जोडलेला असेल, तर हात लावू नका आणि स्वतः खोलून बघायला जाऊ नका. बाहेरून दिसतं तेवढंही पुष्कळ असतं. वहीत तीन रकाने आखा : काय दिसलं, त्यावरून काय कळलं, घरच्यांना काय आठवतं. नक्की साल सापडलं नाही, तर 'अमुकच्या नंतरचा, तमुकच्या आधीचा' असं लिहा. तिसरा रकाना मात्र लवकर भरा. फोन माळ्यावर थांबेल. आजी-आजोबांना आजच विचारा!