आगगाडीतला तो गृहस्थ

मंडळाच्या पुस्तकांची खोकी यंदा आमच्या बेसमेंटमध्ये आहेत. यादी करता करता लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती आली आणि यादी तिथेच राहिली.

शाळेत धड्यापुरती वाचली होती, तेव्हा नुसतं हसू आलं होतं. ह्या खेपेस मन रेव्हरंड टिळकांच्या एका प्रसंगापाशी अडलं. १८९३ साली ते राजनांदगावला निघाले होते. आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या. त्यांनी बायबलचा नवा करार टिळकांच्या हाती दिला आणि सांगितलं, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल! १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

मग हा निर्णय कोणाचा? देवाचा, की टिळकांचा?

ख्रिस्ती पंडित ह्यावर शतकानुशतकं वाद घालत आले आहेत. कॅल्व्हिन म्हणतो, कोणाला तारायचं हे देवानं आधीच ठरवलेलं आहे. आर्मिनियस म्हणतो, देवाची कृपा माणूस नाकारू शकतो. देवाला आधी ठाऊक असतं म्हणजे त्यानंच घडवलं असं नव्हे. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये, स्टॉकब्रिजला राहणाऱ्या जोनाथन एडवर्ड्‌सनं १७५४ साली ह्यावर आख्खं पुस्तक काढलं. त्याच्या मते माणूस मनाच्या सर्वांत प्रबळ ओढीप्रमाणेच वागतो, आणि तसं वागता येणं हेच त्याचं स्वातंत्र्य. मग ती ओढ देवाच्या योजनेतली का असेना. (टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले, त्याची मुळंही ह्याच राज्यातली.) मी केमिस्ट. रिअ‍ॅक्शन कुठल्या दिशेला जाणार, हे मला गणितानं सांगता येतं. पण रेणूला पश्चात्ताप होत नाही, तेव्हा ती उपमा इथे लंगडी पडते.

मला खरं अडवलं ते लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याचं ठरलं म्हणून त्यांचं ठरलं नाही. लहानग्या दत्तूला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा नवऱ्याजवळ आल्या, पण धर्म लगेच बदलला नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर. देवावर एवढी श्रद्धा, पण आपल्या करणीचा भार त्याच्यावर टाकून मोकळं होणं नाही.

दोन वर्षांपूर्वी अप्पा आजारी होते. येतो येतो म्हणालो आणि गेलो नाही. ते गेल्यावर आईला फोनवर म्हणालो, “भेटीचा योगच नव्हता.” ती म्हणाली, “देवाच्या मनात होतं रे.” मी गप्प बसलो.

तिकीट मिळत होतं. प्रयोगाचे निकाल हाती यायचे होते, म्हणून मी थांबलो होतो.

गेल्या रविवारी फोन करून आईला हे सांगितलं. थोडा वेळ पलीकडून आवाज नाही.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तरी देवाच्या मनात होतंच.”